गुरुवारचं घर

दार

बोलायचं: या, आत या. घर आपलंच समजा.

हे वाक्य मला भरतीच्या कॅप्टनने दिलं. आधी मी नुसतं "या" म्हणायचे. तो म्हणाला, "वहिनी, 'या' तर आपण मीटर बघायला आलेल्यालाही म्हणतो. थोडं पुढे न्या." मी पुढे नेलं. तेव्हापासून लोक घर खरंच आपलं समजतात आणि कपाटं उघडून बघतात.

न बोलायचं: घर आमचंही नाही.

म्हणजे आठवडाभर आमचंच असतं, गुरुवारी सकाळी मात्र ते दाखवायचं घर होतं. सैन्यात हल्ली पोरं येईनाशी झाली आहेत, आणि आलेली टिकेनाशी. वर कुणाच्या तरी लक्षात आलं की पोरं तयार असतात, अडवतात त्या आया. आणि आया फिरून फिरून एकच विचारतात: उद्या संसार झाला की राहणार कुठे? मग ठरलं, आयांना घर दाखवा. छावणीतल्या घरांच्या सगळ्या लायनीतून एक क्वार्टर निवडली, गिलावा खरवडून नवा केला, गच्चीवर डांबर टाकलं, नळ बदलले. नुसतं रिकामं घर दाखवलं तर कुणाचा विश्वास बसत नाही, म्हणून त्यात एक खरं कुटुंब ठेवलं.

ते खरं कुटुंब म्हणजे सध्या मी आणि माझा नवरा. आम्हाला मूल नाही. त्याबद्दल लायनीत ज्यांना विचारायचं होतं त्यांचं विचारून झालं आहे.


बैठकीची खोली

बोलायचं: भिंतीला हात लावून बघा ना. ठणठणीत कोरडी आहे.

हे वाक्य माझं स्वतःचं. कॅप्टन त्याच्यावर जाम खूश होता.

न बोलायचं: ही भिंत माझ्या नवऱ्याच्या सहीवर उभी आहे.

नवरा वर्कशॉपमध्ये हवालदार, मोठ्या गाड्यांची इंजिनं बघतो. सगळे त्याला पाना म्हणतात, मीही म्हणते. त्याची नोकरीची मुदत या महिन्याअखेर संपते. शहरातला एक गॅरेजवाला वर्कशॉपवर टपून बसलेला असतो. हाताला येतील तसे त्याने एकेक जुने मेकॅनिक तोडून नेले, शेजाऱ्याच्या झाडाचे आंबे आंबट-गोड न बघता तोडावेत तसे. पाना गेला तर मागे राहतील ती नवी पोरं, ज्यांना नट कुठल्या बाजूला ढिला होतो हेही विचारून करावं लागतं.

तेव्हा मोठ्या साहेबांनी पानाला बोलावलं, चहा पाजला आणि म्हणाले, "ती दाखवायची क्वार्टर रिकामी होतेय. तू जा तिथे राहायला. निवांत विचार कर. मुदत चार वर्षं वाढवलीस की घर तुझं."

"आणि नाही वाढवली तर?" पानाने विचारलं.

"नाही वाढवलीस तर तुला आमचं घर लागणारच नाही," साहेब हसून म्हणाले. साहेब लोकांना हसून बोलता येतं, ते वेगळं शिकवत असावेत.

पाना घरी येऊन म्हणाला, "तू सांगशील तसं."

मी तोवर भिंतीला हात लावून आले होते. मी म्हणाले, "सही कर."

"करतो," तो म्हणाला. तेव्हापासून रोज विचारलं की रोज "करतो" म्हणतो. कालही म्हणाला.

आता माझं सांगते, म्हणजे भिंतीचं का एवढं ते कळेल. लग्नाआधी मी दातांच्या कवळ्या बनवायचे. लॅबमध्ये. मेणात एकेक दात बसवायचा, वरच्या जबड्याला खालचा मिळतो का बघायचं, मग कानशीने घासून घासून कुठेही टोचणार नाही असं करायचं. हात चांगला होता माझा. मग बदल्या सुरू झाल्या. प्रत्येक गावात लॅब शोधायची, तिथे जरा जम बसला की सामान बांधायचं. शेवटी शोधणंच सोडलं. गावं बदलत गेली, पण क्वार्टर जणू एकच आमच्यामागून फिरत होती. तीच ओल, तेच पोपडे, कपड्यांना तोच कुबट वास. कपाट भिंतीपासून वीतभर लांब ठेवायचं, नाहीतर मागून बुरशी चढते. या घरात मी पहिल्यांदा कपाट भिंतीला टेकवून ठेवलं. ज्या बाईने आयुष्यभर कपाट खोलीच्या आत आत ओढत काढलंय, तिलाच यातलं सुख कळेल.


स्वयंपाकघर

बोलायचं: दोन्ही वेळ पाणी. नळ सोडून बघा.

न बोलायचं: खिडकीत वाळत घातलेली ती झबली आमची नाहीत.

ती खालचीच्या बाळाची. खालची म्हणजे आमच्या बरोबर खालच्या क्वार्टरमधली. तिचा नवरा रेडिओवर काम करतो, सध्या लांबच्या ठाण्यावर आहे, कुटुंबाला नेता येत नाही अशा. पोरगी लहान, अजून रांगतही नाही, आणि छाती भरलेली. खालची क्वार्टर ओलीने अशी फुगली आहे की दार लावायला खांदा द्यावा लागतो. म्हणून पोरगी दिवसा-रात्री झोपायला आमच्याकडे येते, आमच्या कोरड्या खोलीत, आमच्या पलंगावर आडवी. कॅप्टनला हे माहीत नाही. त्याचं म्हणणं, एका घरात एकच कुटुंब दिसलं पाहिजे. दुसऱ्याचं मूल दिसलं की आया विचारणार, कुणाचं, का, आणि मग गाडी रुळावरून उतरणार. म्हणून गुरुवारी सकाळी पोरगी तेवढ्यापुरती खाली जाते.

त्या गुरुवारीही खालची न्यायला आली.

"द्या माझी भाडेकरू."

"आत्ता कुठे डोळा लागलाय गं तिचा. राहू दे जरा."

"नको बाई, तुमचा गोडबोल्या यायचा." कॅप्टनचं हे नाव लायनीतल्या बायकांनी ठेवलंय. "आणि माझ्याकडेही आज माणूस येणारे. दुरुस्ती विभागाचा. भिंत बघायला. गुरुवारी सकाळी नक्की, म्हणालेत."

"कुठल्या गुरुवारी ते विचारलंस का?"

"तेच विचारायचं राहिलं बघा," ती म्हणाली आणि आम्ही दोघी हसलो. पोरगी तिच्या खांद्यावर खोकली. ती जिना उतरून गेली, आणि मी पलंगावरची चादर ताणून सरळ केली, जणू तिथे कुणी झोपलंच नव्हतं.


खाली (हे दाखवत नाहीत)

पुढचं मला नंतर दोघींकडून कळलं, खालचीकडून आणि त्या दिवशी घर बघायला आलेल्या बाईंकडून. दोघींचं अगदी जुळतं.

कॅप्टन पाहुण्यांना नेहमी स्वतःच्या गाडीतून आणतो. त्या दिवशी गाडी फाटकापाशीच बंद पडली. वर्कशॉपची दोन नवी पोरं बॉनेटमध्ये डोकं घालून उभी होती आणि एकमेकांना "तू बघ" म्हणत होती. कॅप्टनने पाहुण्यांना फोन केला: तुम्ही बसने या, चौथी इमारत, उजव्या हाताचं दार, मी पोचतोच. वरचं दार म्हणायला तो विसरला. लायनीत चौथ्या इमारतीला उजव्या हाताची दारं दोन आहेत, एकाखाली एक, एकाच रंगाची.

पाहुणी बाई बसची कंडक्टर. ड्यूटी संपवून तशीच आली होती. अंगावर गणवेश, छातीवर बिल्ला, खांद्याला चामड्याची पिशवी. बरोबर तिची मुलगी, नुकतं कॉलेज संपवलेली, छातीशी फाइल धरलेली. खालचीने दार उघडलं, गणवेश बघितला, बिल्ला बघितला, फाइल बघितली.

"नमस्कार. आम्ही घर बघायला आलोय."

"आलात का एकदाचे. या, या."

"तुम्हाला अवेळी त्रास तर नाही ना?"

"त्रास कसला? थंडीच्या आधीपासून वाट बघतेय मी तुमची."

"बघ," बाई मुलीला म्हणाल्या, "किती अगत्याने बोलावतायत. आणि तू म्हणत होतीस फौजेतली माणसं रुक्ष असतात."

"मी नाही, तूच म्हणत होतीस."

"इथून सुरू करू," खालची म्हणाली. "हात लावा भिंतीला. अहो लावा ना, संकोच करू नका."

"ओली आहे."

"ओली? पिळून घ्या म्हणावं. हे काळं दिसतंय ना, हे मी दर आठवड्याला पुसते. दर आठवड्याला नव्याने उगवतं. शेत असतं तर श्रीमंत झाले असते. आणि पलंग बघा कुठे आलाय."

"खोलीच्या मधोमध."

"भिंतींना भिऊन सरकत सरकत तिथे आलाय. आता त्याला कुठे जायला जागा नाही."

"आई," मुलगी हळूच म्हणाली, "मला वाटतं आपण..."

"थांब. बघू दे नीट."

"ही माझी पोर. कान लावा छातीला. ऐकू येतं? मांजर बसल्यासारखं घुरघुरतं. डॉक्टर म्हणतात, औषध किती देऊ, घर बदला. मी म्हटलं तसं लिहून द्या. दिलं त्यांनी. ते तुमच्याकडे पोचवलंय मी. मिळालं ना?"

"आमच्याकडे?"

"तुमच्या साहेबांकडे हो. आता लिहून घ्या सगळं. ताईंना सांगा, फाइल आणलीय ना त्यांनी."

मुलीने आईकडे बघितलं. मग फाइल उघडली आणि आपल्याच एका गुणपत्रिकेच्या झेरॉक्सच्या पाठीवर लिहून घेतलं: भिंत काळी. पलंग मध्ये. बाळाची छाती.

"तुमचे मिस्टर काय म्हणतात?" बाईंनी विचारलं.

"मी त्यांना फोनवर सांगते, इकडे सगळं छान आहे. ते मला सांगतात, तिकडे सगळं छान आहे. असे दोघं छान आहोत."


जिना

खालून आवाज येत होते. मला वाटलं, दुरुस्तीची माणसं खरंच उगवली. खालची तशी धीट, पण सरकारी माणसापुढे शेवटी "चालेल, बघा तुमच्या सवडीने" म्हणून मोकळी होते. म्हटलं आपण पाठीशी उभं राहू. मी खाली उतरले, तेवढ्यात बाहेरून कॅप्टन आला. कोपरापर्यंत हात काळे, धापा टाकत.

"माफ करा मावशी, गाडीने दगा दिला. तुम्ही इथे कशा? वर चला, वर."

"मावशी कुणाची?" बाई म्हणाल्या. "बसमध्ये मला सगळेच मावशी म्हणतात आणि सुटे देत नाहीत. तुम्ही भरतीचे कॅप्टन का?"

"हो."

"मग ह्या कोण?"

खालची दारात उभी होती. आधी तिने कॅप्टनकडे बघितलं, मग बाईंच्या बिल्ल्याकडे, जवळून.

"म्हणजे तुम्ही दुरुस्तीच्या नाही?"

"मी बसची आहे."

खालचीचा चेहरा उतरला. तिने पोरीला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "साहेब, मी काही बोलले नाही हं. म्हणजे तक्रार अशी नाही. ह्यांना तिकडे ठाण्यावर काही कळवू नका." आणि दाराला खांदा देऊन तिने दार लावलं. आतून खोकल्याचा आवाज आला. जिन्यात आम्ही चौघं उरलो.

"ती क्वार्टर दुरुस्तीत धरलेली आहे," कॅप्टन म्हणाला. "टप्प्याटप्प्याने चाललंय काम."

"टप्पे मला नका शिकवू, साहेब. माझा जन्म टप्प्यांची तिकिटं फाडण्यात गेलाय. चला, वरचं दाखवा."


पुन्हा बैठकीची खोली

बोलायचं: भिंतीला हात लावून बघा ना.

ते मला म्हणावंच लागलं नाही. बाईंनी आत पाऊल टाकताच तळहात भिंतीला लावला आणि तसाच ठेवला.

"ही कोरडी."

"हो," मी म्हणाले.

"खालची ओली."

"हो."

"आणि मध्ये फक्त एक जिना."

मी नळाचं सांगायला सुरुवात केली, पाण्याच्या दोन वेळा, स्वयंपाकघरातला उजेड. जीभ आपोआप चालत होती. मुलगी नीट ऐकत होती, मान हलवत होती, आणि तिच्या त्या मान हलवण्यानेच माझे शब्द तोंडातल्या तोंडात अडकायला लागले. ही पोर मला खरं मानत होती.

"ताई," बाई म्हणाल्या, "ते नळ राहू द्या. मला एक सांगा. माझा नवरा नाही, पोर एकटी आहे, आणि तिच्या डोक्यात गाड्या दुरुस्त करायचं वेड शिरलंय. मी तिला अडवणार नाही, अडवून ऐकणारी नाही ती. पण उद्या तिचं लग्न होईल, पोरबाळ होईल. तिला हे घर मिळेल की ते?"

कॅप्टनने यावर उत्तर द्यायला हवं होतं. त्याला असल्या प्रश्नांची शंभर उत्तरं येतात. पण तो स्वतःच्या काळ्या हातांकडे बघत राहिला, ते कुठे ठेवू असं वाटत असल्यासारखा, कारण पांढऱ्या भिंतीला लागले असते.

"हे" म्हणाले असते तर घर राहिलं असतं. पानाने सही केली असती. कपाट भिंतीला टेकलेलं राहिलं असतं. एक शब्द फक्त, आणि तोही एका अक्षराचा.

"ते," मी म्हणाले.

बोललेलं: हे घर एकच आहे. दाखवायला ठेवलंय. आम्हालाही माझा नवरा जाऊ नये म्हणून दिलंय. खाली तुम्ही जे बाळ बघितलंत ते रोज आत, आमच्या पलंगावर झोपतं. आज तुम्ही येणार म्हणून खाली नेलं. बाकी लायनीत तुम्ही कुठलंही दार ठोठावा, खालच्यासारखंच निघेल. कमीजास्त.

"म्हणजे दाखवायचे दात वेगळे," बाई म्हणाल्या.

"मी कवळ्या बनवलेली बाई आहे. नुसते दाखवायचे दात बसवले की माणूस सुंदर हसतो आणि उपाशी राहतो."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी हात भिंतीवरून काढला.

"तरी मी येणारच आहे," मुलगी म्हणाली.

"तुला कुणी विचारलं?"

"मला घर नकोय. मला इंजिन हवंय."

"मग इंजिनात झोप," बाई म्हणाल्या, पण आवाजात धार नव्हती. कॅप्टनला म्हणाल्या, "साहेब, विचार करून कळवते. तुमच्यावर राग नाही. माझ्याही डेपोत नव्या कंडक्टरांना चकचकीत बसच्या बाजूला उभं करून फोटो काढतात, आणि मग खडखडणारी पत्र्याची देतात." आणि मुलीला, "चल."

जाताना मुलीने कॅप्टनला विचारलं, "सर, फाटकापाशी ती गाडी तुमचीच का? मी बघितली तर चालेल?"

"बघ," कॅप्टन म्हणाला. "सगळे बघतायतच."


बाल्कनी

तो लगेच गेला नाही. बाल्कनीत उभा राहून खाली बघत होता. मी साबण आणून दिला.

"साबणाने नाही जाणार हे."

"माहीत आहे. थांबा." मी साखर आणि थोडं तेल आणलं. पाना तसंच करतो. साखर चोळली की ग्रीस सुटतं. कॅप्टन बादलीवर वाकून हात चोळत बसला, शाळेतून मार खाऊन आलेल्या पोरासारखा.

"वहिनी, आज तुम्ही माझं दुकान बंद केलंत."

"केलं का?"

"ती बाई दिवसभर बसमध्ये उभी असते. उद्यापर्यंत निम्म्या शहराला कळेल." तो पुन्हा साखर चोळायला लागला. "मला वाटलं होतं, तुम्ही सांभाळून घ्याल."

"मलाही तसंच वाटलं होतं."

"मी फुटक्या रांजणात पाणी भरतो, वहिनी. इकडून एक पोरगं आणावं तर तिकडून दोन जुने जातात. सगळे विचारतात, पाणी कमी का आणलंस. रांजण कुणी बघत नाही."

"मग तुम्ही बुजवा ना भोक."

"भोक बुजवणं दुसऱ्या विभागाकडे आहे."

मला हसू आलं आणि त्यालाही. मग तो सरळ झाला, हात झटकले. "आता ही क्वार्टर दाखवण्यात अर्थ नाही. झालं ते मला वर सांगावंच लागेल. मग ही इतरांसारखी वाटपाच्या रांगेत जाईल. रांगेत आजारपणाला आधी देतात."

"खालचीचा नंबर कितवा?"

"पहिला." त्याला ते माहीत होतं. विचार करावा लागला नाही.

"आणि आम्ही?"

"पानाने मुदत वाढवली तर जी क्वार्टर रिकामी होईल ती."

"म्हणजे खालची."

"म्हणजे खालची," तो म्हणाला. जिन्यात गेल्यावर परत फिरून आला. "मी असं सांगेन की पाहुणे चुकून खाली गेले. तुम्ही काय बोललात ते मला ऐकू आलं नव्हतं."

"आलं होतं, साहेब. तसंच सांगा. अर्धवट सांगितलं की लोक वरून रंग मारून मोकळे होतात."


पाना

संध्याकाळी तो आला तेव्हा त्याला सगळं कळलेलं होतं. लायनीत बातमी माणसाच्या आधी कामावर पोचते. त्याने डबा ठेवला, मोरीत जाऊन साखरेने हात घासले, बराच वेळ.

"घर गेलं म्हणे."

"गेलं."

"रडलीस?"

"थोडी. तू ओरडणार आहेस का?"

"ओरडायला माझं काय गेलंय? मला आधीपासून या घरात पाहुण्यासारखं वाटायचं. खुर्चीत रेलून बसलो तर डाग पडेल असं." तो टॉवेल घेऊन खाली जमिनीवरच बसला. "आता सही कशाला करू?"

या प्रश्नाची मी दुपारपासून तयारी केली होती. तयारी काही कामाला आली नाही.

"तूच सांग," मी म्हणाले. "घर मध्ये न आणता सांग. आपण आजवर जे ठरवलं ते घर मध्ये आणून. कधी मिळेल म्हणून, कधी जाईल म्हणून. तुला स्वतःला काय करायचंय, मी कधी विचारलंच नाही, आणि तू 'तू सांगशील तसं' म्हणून सुटलास."

त्याची बोटं हलायला लागली. विचारात पडला की तो बोटांनी हवेतच काहीतरी आवळत असतो, त्याला कळत नाही.

"ती पोर आली होती फाटकापाशी," तो म्हणाला. "मला बोलावणं आलं तेव्हा मी पोचलो, तर ही आधीच तिथे. मी इंजिन चालू करून घेतलं. कसंबसं खोकत होतं. मला म्हणाली, काका, मी ऐकू का? म्हटलं ऐक. डोळे मिटून उभी राहिली. मग म्हणाली, पंपात बिघाड आहे."

"होता का?"

"छे. साफ चूक. पाइपात हवा शिरली होती. पण ऐकलं तिने. ती दोन पोरं आहेत ना आमची, ती अजून आवाज ऐकतच नाहीत. त्यांना कुणी ऐकायला सांगितलंच नाही. सांगणारे सगळे गॅरेजवाल्याकडे गेले."

"तूही जाऊ शकतोस. तिथे मान आहे, संध्याकाळी घरी येणं आहे."

"आहे. पण तिथे गाडी आली की बाहेर काढायची घाई. शिकवायला कुणाला वेळ नाही." त्याने माझ्याकडे बघितलं. "मला राहायचंय गं. मला कधीपासून राहायचं होतं."

"मग इतके दिवस सही का नाही केलीस? मी रोज विचारत होते."

"तू घरासाठी कर म्हणायचीस. म्हणून हात जाईना. उद्या या घराची भिंत ओली झाली असती, तर मी सही कशासाठी केली होती? चार वर्षं तुझ्याकडे बघत बसलो असतो, तू माझ्याकडे." त्याने टॉवेलची घडी घातली, मोडली. "आता करेन. घराशिवाय."

मी उठून उभी राहिले, कारण पुढचं बसून बोलवेना.

"कर. पण मी खाली राहायला नाही जाणार."

"बरं."

"आणि पुढच्या बदलीलाही येणार नाही. शहरात दातांची एक लॅब आहे, मी चौकशी केली दुपारी. त्यांना हात हवेत. तिथे जवळ दोन खोल्या घेते. तू बराकीत राहा, आणि सुट्टी मिळाली की ये. मी तुला सोडत नाहीये, नीट ऐक. तुझ्याबरोबर आहे. फक्त तुझ्या मागून यायचं थांबवतेय."

तो ऐकत होता. डोळे मिटून नाही, उघडे ठेवून, आणि मला ते जास्त अवघड गेलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि त्याला एकटं सोडायचं म्हणजे काय हे मी पहिल्यांदा मोठ्याने बोलत होते. त्याला बराकीचं जेवण पचत नाही. मला एकटीला झोप येत नाही. दोन्ही गोष्टी आम्हाला माहीत होत्या आणि दोघांनीही त्या काढल्या नाहीत.

"तिथली भिंत ओली निघाली तर?" त्याने विचारलं.

"तर घरमालकाशी मी भांडेन. त्याला माझं तोंड माहीत नाही अजून."

"मला माहीत आहे. बिचारा." तो हसला, मग हसू आवरलं. "आणि लोक विचारतील. बायको कुठे, घर कुठे."

"लोकांना घर दाखवायचं मी आजपासून बंद केलंय."

खालून दाराला खांदा दिल्याचा आवाज आला, मग खालचीची पावलं जिन्यावर, पोरीला घेऊन. झोपायची वेळ झाली होती तिची. पाना दार उघडायला उठला आणि अर्ध्यावर थांबला.

"सुट्टीसाठी अर्ज करावा लागतो," तो म्हणाला. "तुझ्याकडे यायचं तर अर्ज कुणाच्या नावाने करू?"

"माझ्या," मी म्हणाले. "पण दर वेळी मंजूर होईलच असं धरून चालू नकोस."